नागपूरहून लहान लेकराला घेऊन मालवण: सहल कशी आखायची

नागपूरहून समुद्र कुठल्याच दिशेला जवळ नाही. पश्चिमेला निघा नाहीतर पूर्वेला, एक अख्खी रात्र आणि बहुधा तिला जोडून अर्धा दिवस प्रवासात जातोच. म्हणून घरात कुणीतरी म्हणतंच, "एवढ्या लांब चाललोच आहोत तर गणपतीपुळे, मालवण, गोवा सगळंच करून येऊ." सगळी मोठी माणसं असतील तर खुशाल करा. पण सोबत दीड ते तीन वर्षांचं लेकरू असेल तर माझं सांगणं एकच आहे: एक गाव, एक खोली, एक किनारा आणि तिथे किमान चार रात्री. तिथला दिवस दोन गोष्टींवर बेतायचा, लेकराची झोप आणि समुद्राची भरती-ओहोटी. बाकी सगळं मागाहून.

पुढचं सगळं मालवण धरून लिहिलं आहे. दुसरं गाव निवडलं तरी ठरवण्याचा क्रम हाच ठेवा.

आधी महिना

मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास गेला की समुद्राची आठवण येते. नेमकं तेव्हाच जाऊ नका. कोकणात मेमध्ये पारा आपल्याइतका चढत नाही, पण हवा इतकी दमट की घाम वाळतच नाही. आपली लेकरं कोरड्या उन्हाला सरावलेली असतात. तिकडे दोन दिवसांत मानेवर, पाठीवर घामोळं उठतं आणि रात्रभर कुणालाच झोप लागत नाही. जून ते ऑगस्ट समुद्र खवळलेला, होड्या बंद. ऑक्टोबरात ऊन चटकतं.

राहिला मध्य नोव्हेंबर ते फेब्रुवारी. या दिवसांत इकडे रात्री हुडहुडी भरते आणि तिकडे पहाटे एखादा पातळ स्वेटर पुरतो. लेकराची शाळा अजून सुरू झालेली नाही, याचा पुरता फायदा घ्या. दिवाळीची सुट्टी आणि नाताळ ते ३१ डिसेंबर हा आठवडा टाळून साधे सोमवार ते शुक्रवार घ्या. खोली स्वस्त मिळते, किनारा मोकळा असतो, आणि घरगुती राहण्याच्या ठिकाणी मालकीणबाईंना तुमच्या लेकरासाठी वेगळा मऊ भात लावायला सवड असते.

मग गाव

नागपूरकरांची जुनी सवय जगन्नाथपुरीची. थेट गाडी मिळते, देवदर्शनही होतं. पण त्या किनाऱ्यावर लाट जोरात फुटते आणि पाणी पटकन खोल होतं. मोठी माणसंसुद्धा तिथे नुलियांचा, म्हणजे तिथल्या कोळी जीवरक्षकांचा, हात धरून समुद्रात उतरतात. लेकरू पाच-सहा वर्षांचं झालं की जा. गणपतीपुळ्याला देवळासमोरचा किनारा देखणा आहे, पण पाणी दगा देणारं. दर्शनाला उत्तम, लेकराला पाण्यात खेळवायला नको.

स्वतःच्या गाडीनेच जायचं असेल तर अलिबाग बघा. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून पूर्ण ७०१ किलोमीटर खुला झाला आहे. मुंबईत भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीत गाडीसकट चढलात की तासाभरात मांडवा, आणि तिथून अलिबाग साधारण २० किलोमीटर. मात्र हा सगळा पल्ला एका दमात मारू नका. शिर्डीला किंवा छत्रपती संभाजीनगरला रात्री मुक्काम करा. समृद्धीवर गाडी सलग एका वेगात पळते, त्यामुळे चालवणाऱ्यालाही पेंग येते. लेकराला मांडीवर न घेता त्याच्या मापाच्या सीटमध्ये पट्टा लावून बसवा. कायदाही तेच सांगतो. दर दोन तासांनी थांबून त्याला दहा मिनिटं पायांवर चालू द्या. पाणी, भात, दूध सोबतच ठेवा, पुढच्या थांब्यावर मिळेल या भरवशावर राहू नका.

मी मालवणच्या बाजूने कौल देते तो चिवल्याच्या किनाऱ्यामुळे. गावाला लागूनच अर्धगोलाकार किनारा आहे आणि समोर पाण्यात खडक. मोठी लाट तिथेच फुटते, काठापर्यंत येते ती नरम होऊन. दरवर्षी सागरी जलतरण स्पर्धा याच किनाऱ्यावर होते. शिवाय मालवण हे नुसतं पर्यटकांचं ठिकाण नाही, नांदतं गाव आहे. रात्री आठला डायपर संपले तरी बाजार जवळ आहे, औषधांची दुकानं आहेत, ग्रामीण रुग्णालय आहे, आणि ओरोसचं जिल्हा रुग्णालय गाडीने तासाभराच्या अंतरावर. तारकर्ली अधिक प्रसिद्ध आहे, मोठ्यांना अधिक आवडेलही, पण मुक्काम मालवणात ठेवून एखाद्या संध्याकाळी तारकर्लीला जाऊन येणं लेकरासाठी सोयीचं.

तारीख ठरवताना कालनिर्णय काढा

ही पायरी बहुतेकजण गाळतात, आणि सहलीची मजा खरं तर इथेच ठरते. भरतीच्या वेळी किनारा अरुंद होतो, पाणी अंगावर येतं, लेकरू बिचकतं. ओहोटीला तोच किनारा लांबवर उघडा पडतो. ओली, घट्ट वाळू, मधेमधे घोटाभर पाण्याची डबकी, आणि दूर कुठेतरी लाट. लहान लेकराला हाच समुद्र हवा असतो.

भरतीची वेळ काढायचा किनाऱ्यावरचा जुना हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, तितके वाजता साधारण पूर्ण भरती. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे दुपारी तीन आणि पहाटे तीन. त्यापासून सुमारे सहा तासांनी ओहोटी. कृष्ण पक्षात प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं. रोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. जागेप्रमाणे तासाभराचा फरक पडतो, म्हणून निघण्यापूर्वी मोबाईलवर मालवणच्या भरतीचं वेळापत्रक पाहून घ्या. पण तारखा निवडायला हा हिशेब पुरतो.

आता लेकराचा दिवस त्यावर ठेवून बघा. सकाळी सात ते साडेनऊ ते ताजं असतं, दुपारी एक ते साडेतीन झोपतं. द्वितीया ते पंचमी या तिथींना भरती दुपारी दीड ते पावणेचारच्या दरम्यान, म्हणजे ऐन झोपेच्या वेळी. ओहोटी सकाळी आठ-नऊच्या सुमारास, म्हणजे ऐन खेळायच्या वेळी. तेव्हा पौर्णिमा किंवा अमावास्या झाली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पुढचे चार दिवस धरा. या दिवसांत उधाण असतं, त्यामुळे दुपारी पाणी बरंच वर चढतं, पण सकाळी ओसरतंही तितकंच लांब. उलट अष्टमीच्या आसपास गेलात तर सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाला भरती, आणि किनारा मोकळा होतो तो भर दुपारी बारा वाजता, डोक्यावर ऊन असताना.

तिकीट

रेल्वेचं आगाऊ आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. नागपूर-मडगाव विशेष गाडी ठरावीक दिवशी सुटते आणि थेट कुडाळला पोचवते. कुडाळहून मालवण साधारण ३० किलोमीटर. विशेष गाडी असल्यामुळे तिला वेळोवेळी मुदतवाढ मिळत असते. तुमच्या तारखेला ती आहे का, हे आधी बघा आणि मगच खोली ठरवा. जवळजवळ पूर्ण दिवसाचा प्रवास आहे, पण कुठे उतरणं-चढणं नाही. झोपलेलं लेकरू खांद्यावर, सामान दुसऱ्या खांद्यावर आणि फलाट बदलायचा, हे टळतं. लेकरासोबत दोन तास वाचवण्यापेक्षा एक बदली वाचवणं कधीही बरं.

ही गाडी जमली नाही तर रात्रीच्या गाडीने मुंबई, तिथे एक दिवस आणि रात्र विश्रांती, मग कोकण रेल्वे. सकाळी मुंबईत उतरून लगेच पुढची गाडी धरायचा बेत आखू नका, पहिली गाडी तासभर उशिरा आली की सगळंच कोलमडतं. विमानाचं म्हणाल तर गोव्यात मोपाचा विमानतळ मालवणला त्यातल्या त्यात सोयीचा, पुढे दोन-अडीच तास गाडी. दोन वर्षं पूर्ण न झालेलं लेकरू मांडीवर बसून जातं, पण वयाचा पुरावा लागतो. जन्मदाखल्याची प्रत पर्समध्येच ठेवा. विमान चढता-उतरताना त्याला काहीतरी चोखायला किंवा प्यायला द्या, कानाचे दडे कमी बसतात.

रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पण मग बर्थही नाही. समोरासमोरचे दोन खालचे बर्थ मिळवायचा प्रयत्न करा. लेकराचं डोकं खिडकीकडे न करता त्याला बर्थच्या आतल्या, पाठ टेकायच्या भिंतीकडच्या बाजूला झोपवा, बाहेरच्या कडेला तुम्ही किंवा घट्ट गुंडाळलेली रजई. मधल्या बर्थच्या साखळीला झोळी बांधू नका. वापरलेलं डायपर कागदात गुंडाळून कचऱ्याच्या डब्यात टाका. गाडीतले जैवशौचालय डायपरने लगेच तुंबते आणि सगळ्या डब्याची पंचाईत होते.

डब्यात तूप-मेतकूट कालवायला कोरडा भात, दशम्या, साळीच्या लाह्या, आणि हंगाम असतोच म्हणून संत्री. संत्र्याची फोड सोलून, बिया काढून हातात द्यायची. एक संत्रं म्हणजे अर्धा तास शांतता. दूध मात्र वाटेत उघड्यावरचं घेऊ नका. थर्मासमध्ये गरम पाणी आणि दुधाची पावडर बरी.

खोली ठरवताना फोनवर काय विचारायचं

फोटोत समुद्र, माड आणि झोपाळा दिसतो. लेकरासाठी विचारायच्या गोष्टी फोटोत दिसत नाहीत, त्यामुळे फोनच करा.

पहिला प्रश्न विहिरीचा. कोकणातल्या बहुतेक घरांच्या परसात विहीर असते आणि काही ठिकाणी कठडा गुडघाभरच असतो. "काकू, विहिरीला कठडा केवढा आहे? वर जाळी आहे का?" असं स्पष्ट विचारा. कुणाला राग येत नाही, उलट दोन-तीन पोरांची आई असलेली मालकीण स्वतःहून अजून चार गोष्टी सांगते. जाळी नसेल तर ते घर कितीही छान असो, सोडून द्या.

मग खोली तळमजल्यावर आहे का, जिन्याला दार आहे का, पलंग भिंतीला लावता येईल का. लाईट गेली तर इन्व्हर्टर आहे का, मच्छरदाणी आहे का. गरम पाणी सकाळी नऊ-दहालाही मिळेल का, कारण वाळूतून आल्यावर आंघोळ त्याच वेळी लागणार. आणि किनारा "जवळच" म्हणजे पायी किती मिनिटं, मधे मोठा रस्ता ओलांडायचा आहे का. पाच मिनिटांच्या पुढे असेल तर झोपेला आलेलं, ओलं, वाळूने माखलेलं लेकरू रोज उचलून आणायला जड जातं.

पोचल्यावर अंगणात माडाखाली खुर्ची किंवा चटई टाकू नका. नारळ आणि झावळ पडताना आवाज देत नाहीत. चिऱ्यांच्या गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, हात घालू द्यायचा नाही, तिथे विंचू असतात.

पैसे वाचवायचे तर फिरण्यावर वाचवा. बर्थ आणि खोली या दोन ठिकाणी हात आखडता घेऊ नका.

बॅग

सुती पूर्ण बाह्यांचे कपडे घ्या, रंग भडक गुलाबी किंवा नारिंगी. निळा, पांढरा रंग पाण्यात आणि वाळूत पटकन दिसत नाही. हनुवटीखाली बंद बांधता येईल अशी टोपी. खेळण्यांचा वेगळा संच विकत घ्यायची गरज नाही. स्वयंपाकघरातला जुना डाव, पिठाची जुनी चाळणी आणि एक डबा पुरतो. ओआरएसची पाकिटं, तापाचं औषध आणि उलटीचं औषध तुमच्या बालरोगतज्ज्ञांना विचारून, लेकराच्या वजनाप्रमाणे डोस कागदावर लिहून घेऊन ठेवा. खोबरेल तेल आणि अंगाला लावायची पावडर विसरू नका, दोन्हीचा उपयोग खाली सांगते. नेहमीचं डायपर समुद्रात पाणी पिऊन विटेएवढं जड होतं. पाण्यापुरती सुती चड्डी किंवा पोहण्याचं वेगळं डायपर घाला.

पहिली सकाळ

पोचल्या संध्याकाळी समुद्र फक्त लांबून दाखवा. कडेवर घेऊन, पाच-दहा मिनिटं. आवाज ओळखीचा होऊ द्या. फुटाळा आणि अंबाझरी तलाव पाहिलेल्या लेकराला पाणी माहीत असतं, पण गर्जना करणारं, पुढे-मागे सरकणारं पाणी त्याने पाहिलेलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघण्यापूर्वी अर्धा तास चेहऱ्याला, पायांना सनस्क्रीन लावा. मांड्यांच्या आत, काखेत खोबरेल तेलाचा हात फिरवा. मीठ आणि वाळू घासून होणारी लाली बरीच कमी होते. किनाऱ्यावर गेल्यावर आधी कोरड्या वाळूत बसा. बहुतेक लेकरं पहिल्यांदा पाय वर उचलून धरतात, तळव्याला वाळूचा स्पर्श सहन होत नाही. ओढू नका. तुम्ही बसा, डावाने वाळू डब्यात भरा, ओता, पुन्हा भरा. थोड्या वेळाने एक बोट येतं, मग मूठ.

मग ओल्या वाळूकडे चला. ओहोटीच्या वेळी तिथे बारीक बारीक वाळूच्या गोळ्यांची नक्षी पसरलेली दिसते, मधोमध पेन्सिलीएवढं भोक. हे इवल्या खेकड्यांचं काम. ते वाळू तोंडात घेऊन त्यातलं खाणं काढतात आणि उरलेली गोळी करून मागे टाकतात. दोन हात अंतरावर उकिडवं बसून अजिबात न हलता थांबा. आधी भोकाशी काहीतरी हलतं, मग डोळ्यांच्या दोन काड्या, मग अख्खा खेकडा बाहेर. आमची मुलगी तेव्हा जेमतेम दोन वर्षांची होती. एरवी दोन मिनिटं एका जागी न बसणारी, ती तिथे इतकी स्तब्ध झाली की मी तिच्या पाठीवर हात ठेवून ती श्वास घेतेय ना ते पाहिलं. कुठलीही बोट-सफारी याच्या पासंगाला पुरत नाही.

पाणी शेवटी. लाट ओसरताना तळव्याखालची वाळू सरकते आणि लेकराला आपणच पडतोय असं वाटतं, बरीच लेकरं इथेच रडतात. दोन्ही हात धरून फक्त घोट्यापर्यंतच्या पाण्यात उभं करा. नको म्हणालं तर परत वाळूत. तिसऱ्या दिवशी तेच तुमचं बोट धरून पाण्याकडे ओढतं.

सुरक्षेबाबत मी कुठेच सवलत देणार नाही. लेकरू घोट्याच्या पुढे नाही, आणि त्याला कडेवर घेतलेलं मोठं माणूस गुडघ्याच्या पुढे नाही. दंडात घालायचे हवेचे फुगे खेळणं आहे, त्यांच्या भरवशावर पाण्यात सोडायचं नाही. आई, बाबा, आजी, काका सगळे किनाऱ्यावर असले की प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याचं लक्ष आहे. म्हणून पाळी लावा. ज्याची पाळी त्याने हाताच्या अंतरावर राहायचं, मोबाईल दुसऱ्याकडे द्यायचा, आणि पाळी बदलताना तोंडाने सांगायचं, "आता तू बघ." मनगटावर पेनने तुमचा फोन नंबर लिहा. जेलीफिश वाळूत पडलेली दिसली तर मेलेलीलाही हात लावू देऊ नका. डंख झालाच तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, गोड्या पाण्याने आग वाढते, आणि डॉक्टरांकडे न्या. रुग्णवाहिकेचा क्रमांक आपल्याकडचाच, १०८.

डोळ्यात वाळू गेली तर चोळू न देता बाटलीतल्या स्वच्छ पाण्याची धार धरा. अंगाची वाळू टॉवेलने खरडू नका. आधी पावडर भुरभुरा, मग हलक्या हाताने झटका. सगळी वाळू कोरडी होऊन गळून पडते.

साडेनऊला परत. आंघोळ, खाणं, झोप. संध्याकाळी पाच ते सूर्य बुडेपर्यंत पुन्हा किनारा, पण या तिथींना तेव्हा पाणी बाहेर ओढत असतं, म्हणून संध्याकाळी वाळूतच खेळ.

जेवण

मालवणी मसाला लेकराला झेपणार नाही, आणि आपल्या सावजीच्या तिखटाची सवय फक्त मोठ्यांना असते. आदल्या रात्रीच सांगून ठेवा: मऊ भात, साधं वरण, मसाला न लावलेली तुपावर परतलेली सुरमईची एक तुकडी. सुरमईला काटे कमी आणि मोठे, बांगड्याचे काटे बारीक, म्हणून बांगडा तुम्ही खा. मासा आधी कधी खाल्ला नसेल तर पहिल्या दिवशी चिमूटभरच द्या आणि अंगावर पुरळ येतं का बघा. सकाळी घावन किंवा आंबोळी बहुतेक लेकरं आवडीने खातात. सोलकढीत मिरची-लसूण नसेल तर एखादा घोट चालेल. शहाळं रोज एक, पण पाण्याला पर्याय म्हणून नको. पाणी उकळलेलं किंवा सीलबंद.

फिरायचं असेल तर एवढंच

मालवणच्या धक्क्यावर मासळीचा लिलाव लेकराला दाखवा. आवाज, टोपल्या, बगळे, मांजरं, त्याला सगळंच नवं. किनाऱ्यावर रापण, म्हणजे मासेमारीचं मोठं जाळं, ओढत असतील तर बाजूला उभं राहून बघा. सिंधुदुर्ग किल्ला शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात कुरटे बेटावर बांधून घेतला. समोर दिसत असताना न जाणं मोठ्यांच्या जिवावर येतं. जायचंच तर सकाळची पहिली होडी धरा, लेकराच्या अंगाला बसेल असं लाईफ जॅकेट असेल तरच चढा, आणि तटावर त्याला कडेवरून उतरवू नका. नाहीतर एकाने लेकरू सांभाळावं, दुसऱ्याने जाऊन यावं. त्या दिवशी दुसरं काही ठेवायचं नाही.

परतीचं

परतीच्या तारखेचं आरक्षण चार-पाच दिवस उशिरा उघडतं, त्यामुळे जाण्याचं तिकीट काढलं त्याच दिवशी परतीचा गजर मोबाईलवर लावा. निघायच्या सकाळी किनाऱ्यावर जाणार असाल तर खोली उशिरा सोडायची परवानगी आदल्या रात्री मागून ठेवा. प्रवासाचे कपडे पहिल्या दिवशीच वेगळ्या पिशवीत बांधून ठेवलेले असावेत, वाळू न लागलेले. आमसुलं, काजू, खाजं जे घ्यायचं ते आदल्या संध्याकाळी बाजारातून घ्या. नागपुरात पोचल्यावर ऑफिसला जाण्याआधी एक दिवस मोकळा ठेवा, लेकराची झोपेची घडी बसायला तेवढा लागतो. त्या दिवशी बॅगा गच्चीवर झटकून घ्या आणि वाळूचे कपडे मशीनमध्ये टाकण्याआधी बादलीत दोनदा खळबळून काढा.